फुटपाथवर घेतलेलं नाव

शनिवार, ९ सप्टेंबर

आज झालं ते झोपायच्या आधी लिहून काढतो.

सकाळी नेहमीसारखी चर्चची व्हॅन घेऊन नदीपलीकडे गेलो. महिन्याचा दुसरा शनिवार आमच्या कॉटन हिल बॅप्टिस्ट चर्चचा. मिसूरीत गर्भपात बंद झाल्यापासून इलिनॉयमधल्या त्या क्लिनिकसमोर गर्दी वाढलीय. आत जाणाऱ्यांची वाढलीय आणि आम्हा प्रार्थना करणाऱ्यांचीही. ब्रदर ट्रेंट, आमचे तरुण पाळक, गिटार घेऊन होते. व्हर्नन स्टीगॉल घडीची खुर्ची घेऊन. तो डीकन, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक आहे, पण देवासाठीसुद्धा अर्ध्या तासावर उभा राहत नाही. बाकी चर्चमधल्या काही बाया.

ग्लेन्डा आली नाही. माझी बायको या फेरीला कधीच येत नाही. गुडघे, म्हणते. सँडविच मात्र डबाभर करून देते. गेल्याच आठवड्यात दिवसभर ओट्याशी उभी राहून तिनं टोमॅटोच्या बरण्या भरल्या, तेव्हा मी म्हटलं, गुडघे सुधारलेले दिसतायत. तर म्हणाली, "टोमॅटोसमोर उभं राहणं वेगळं."

क्लिनिकपाशी मिसेस ब्रान्ट होत्या. निवृत्त नर्स, लुथरन, गुलाबी जाकीट घालून बायकांना गाडीपासून दारापर्यंत सोबत करतात. आमचं भांडण आता शेजाऱ्यांसारखं झालंय. माझा छपरं दुरुस्त करायचा धंदा त्यांना ठाऊक आहे.

"काय टॅकेट, आज कुणाचं छप्पर गळत नाही वाटतं?"

"छपरं सोमवारपासून. शनिवारी आत्मे."

"मग दर लावा की. फुकट अंदाज कशाला देताय?"

मी म्हटलं, बाई, तुमच्या या दारातून ज्या मुली जातात, त्यांना कुणी लहानपणी रविवारी चर्चला नेलं असतं तर तुमचं दुकान कधीच बंद पडलं असतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "दहातल्या सहा जणी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या असतात, टॅकेट. कॅथलिक असतात, मेथडिस्ट असतात, माझ्या असतात. तुमच्यासुद्धा."

"आमच्या नसतात."

"तुमच्या कमी असतात, हे कबूल. पण कमी गळणारं छप्पर तुम्ही कोरडं म्हणून विकता का?"

तेवढ्यात तपकिरी शेव्हरलेट आत वळली. मागच्या बंपरला पोचा. तो मी ओळखतो, कारण चर्चच्या आवारात ट्रक मागे घेताना मीच तो पाडला होता. आतून शॉना प्रुइट उतरली. आमच्या संडे स्कूलमध्ये चार वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते ती शॉना. नवरा डस्टी मालवाहू बोटीवर, महिनाभर नदीवर आणि महिनाभर घरी. मुलगी टेसा, आणि धाकटा वेस, ज्याला फिट येतात.

आणि मी काय केलं? गेली वीसेक वर्षं मी रविवारी चर्चच्या दारात उभा राहून येणाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करतो. शिडी खांद्यावर टाकून दारोदार हिंडलो तेव्हापासून माझ्याकडे भांडवल एकच होतं, ते म्हणजे माणसाचं नाव आणि आवाज मी विसरत नाही. दाराकडे चालत येणारा ओळखीचा चेहरा दिसला की माझा हात आपोआप वर जातो. तो गेला. पाठोपाठ तोंडही उघडलं.

"गुड मॉर्निंग, शॉना!"

मोठ्यानं. अगदी आनंदानं.

गिटार थांबली. शॉना तिथंच उभी राहिली. मिसेस ब्रान्टनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला वळवून आत नेलं. जाताना माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं आता बोलतील. दार लावून घेतलं त्यांनी.

परतीच्या वाटेवर व्हर्नन तेवढा बोलत होता. बाया दोन्ही बाजूंच्या कापसाकडे बघत बसल्या होत्या.

घरी आल्यावर ग्लेन्डाला सगळं सांगितलं.

"नाव घेतलंस?"

"सवयीनं गं."

"सगळ्यांसमोर?"

मी विषय बदलला. म्हटलं, ती नर्सबाई म्हणते दहातल्या सहा जणी चर्चच्या. ग्लेन्डा म्हणाली, "सहाच?" मी हसलो. ती ताट धूत होती. ते मघाशीच धुऊन झालं होतं.

रविवार, १० सप्टेंबर

आली. मला वाटलं होतं येणार नाही. दोन्ही मुलांचे केस विंचरलेले, स्वतः निळ्या झग्यात. मी दारात. तोंडातून नाव निघेना. शेवटी टेसाशी बोललो, "काय राणीसाहेब, दात पडला वाटतं?" शॉना म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस्टर रॉइस," आणि आत गेली. तिच्या वर्गातल्या पोरांनी कागदी ताटल्यांची मेंढरं केली.

उपासनेनंतर ब्रदर ट्रेंटनी मला आणि व्हर्ननला खोलीत घेतलं. बायबलमधली पद्धत ठरलेली आहे. बंधुभगिनीचा दोष दिसला की आधी एकट्यानं जाऊन बोलायचं, मग दोघातिघांना घेऊन, आणि तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे.

"तुम्ही पाहिलंत, तेव्हा पहिलं जाणं तुमचं," पाळक म्हणाले.

"आपण सगळ्यांनीच पाहिलं."

"आम्हाला एक बाई दिसली, ब्रदर रॉइस. शॉना आहे हे तुमच्यामुळे कळलं."

त्यांनी हे वाईटपणानं म्हटलं नाही. चौतिशीचा सरळ मुलगा आहे. खरं म्हणजे शाबासकीच दिली त्यानं. ती शाबासकी मी ग्लेन्डाला सांगितली नाही.

मंगळवार, १२ सप्टेंबर

कामावरून तसाच शॉनाकडे गेलो. तिच्या घराच्या पुढच्या बाजूची पन्हळ एका टोकाला लोंबतेय, हे मला मागेच दिसलं होतं. शिडी लावली. हात रिकामे असले की मला बोलता येत नाही.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. चेहऱ्याचा रंग उतरलेला होता.

"पन्हळ दुरुस्त करायला आलात की मला, मिस्टर रॉइस?"

"पन्हळीचं जमेल असं वाटतं."

तेवढ्यापुरती हसली. मी वरूनच बोलत राहिलो. म्हटलं, हे बघ, पोरी, मी डीकन मंडळाचा अध्यक्ष आहे, पण त्याआधी धंदेवाला आहे. गोष्ट मिटवता येते. तू कुणा मैत्रिणीला सोडायला गेली होतीस, एवढंच सांग. मैत्रिणीचं नाव कुणी विचारणार नाही. मी विचारू देणार नाही.

"आणि रविवारी चार वर्षांच्या पोरांना काय शिकवू? खोटं कसं बोलायचं ते?"

"अगं, त्यांना मेंढरं शिकव."

ती म्हणाली, "आतमध्ये नावानं कुणी हाक मारत नाही, ठाऊक आहे? दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. एवढ्या रस्त्यात माझं नाव माहीत असलेला एकच माणूस होता."

मी स्क्रू पिळत राहिलो. शेवटी विचारलंच, का गेलीस म्हणून.

"कारण पुरेसं मोठं आहे का ते मोजायचंय तुम्हाला. ते मी सांगणार नाही. डस्टीला माहीत आहे, देवाला माहीत आहे." मग आवाज बदलला. "मला वर्ग नका देऊ हवं तर. पण चर्चमधून काढू नका. डस्टी बोटीवर असला की माझं दुसरं कोण आहे? वेसला फिट आली की मी कुणाला फोन करते? मिस ग्लेन्डांना. टेसाचा पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे. स्वतः मागितलाय तिनं. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, बघतो.

धंद्यात मी 'बघतो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला ठाऊक आहे. तिलाही असावं.

गुरुवार, १४ सप्टेंबर

लक्ष लागत नाही. आज एका घराचा अंदाज सांगायला गेलो आणि शेजारच्याच घरावर चढलो. मालकीणबाई खालून ओरडत होती, "अहो, आम्ही बोलावलं नाही तुम्हाला!" माझ्या हाताखालची पोरं दिवसभर हसत होती. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

जेवताना ग्लेन्डाला म्हटलं, तू बोल ना शॉनाशी, तुझं ऐकेल. "काय सांगू तिला?" "पश्चात्ताप झालाय म्हणावं, दोन अश्रू काढावेत. मंडळी रडणाऱ्याला कधी बाहेर काढत नाही." ग्लेन्डानं काटा खाली ठेवला. "तुला वाटतं ती रडली नाही?"

तसं नव्हतं म्हणायचं मला. पण ती उठून गेली होती.

रविवार, १७ सप्टेंबर

दुसरी पायरी. उपासनेनंतर ब्रदर ट्रेंट, व्हर्नन आणि मी शॉनाला तिच्या वर्गातच भेटलो. आज वर्गात तीनच पोरं होती. बाकीच्यांना आईबापांनी आपल्याजवळच बसवून घेतलं. चार वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या, आम्ही तिघं त्यांवर बसलेलो, गुडघे हनुवटीला. व्हर्ननला उठताना दोघांनी ओढावं लागलं.

पाळकांनी विचारलं, "तू पश्चात्ताप करतेस का, सिस्टर शॉना?"

ती म्हणाली, "मी रोज कशाकशाचा तरी करते. याच्याबद्दल देवाशी अजून बोलणं चाललंय. ते संपायच्या आधी तुम्हाला हो म्हटलं तर ते खोटं होईल."

"ही टाळाटाळ झाली," व्हर्नन म्हणाला.

"टाळाटाळ करायची असती तर मिस्टर रॉइसनी मला..." आणि माझ्याकडे बघून ती थांबली. मी सुचवलेलं खोटं तिनं त्यांना सांगितलं नाही. मला वाचवलं तिनं. असं कुणी वाचवलं की माणूस जास्तच अस्वस्थ होतो, हे आज कळलं.

ठरलं. येत्या बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी मंडळीची कामकाज सभा आहे. व्हर्नन ठराव मांडेल की तिचं नाव सभासदत्वातून काढावं. अध्यक्ष मी.

गुरुवार, २१ सप्टेंबर

सभेआधी कानोसा घेणं ही माझी जुनी पद्धत. सभेत मला धक्के आवडत नाहीत. या आठवड्यात कामाच्या निमित्तानं बऱ्याच घरी थांबलो.

पुरुषांचं सोपं होतं. "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम." एकजण म्हणाला, माझी बायको सांगेल तसं. तो विनोद होता.

बायांचं एकच उत्तर, जिथं जाईन तिथं. "मी प्रार्थना करते त्यावर." धान्याच्या दुकानातल्या मेरीबेथनं तर हे माझ्याकडे न बघताच सांगितलं, आणि मला सुटे पैसे चुकीचे परत दिले. व्हर्ननची आई मिस ओपल, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, तिच्या व्हरांड्यातही थांबलो. तिनं लिंबाचं सरबत दिलं आणि विचारलं, "त्या पोरीला नीट जेवायला कुणी नेऊन दिलं का रे?" मी म्हटलं, आजारी नाहीये ती, मिस ओपल. ती म्हणाली, "पहिले दोन आठवडे पाठ दुखते." म्हातारपणी माणसाच्या डोक्यात एका गोष्टीचं दुसरीतच जातं. मी सरबत संपवून निघालो.

गिऱ्हाईक 'विचार करून कळवतो' म्हणालं की काम गेलं समजायचं, हे मी माझ्या पोरांना शिकवतो. पण चर्चच्या बाया प्रार्थना करते म्हणतात तेव्हा खरोखर करतात. ठराव बहुमतानं मंजूर होईल असा माझा अंदाज.

तो व्हावा असं मला वाटतं का? हे लिहून बघितलं, तरी उत्तर येत नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर

ग्लेन्डा तीन दिवस धड बोलत नाही. मेव्हणीच्या ऑपरेशनची काळजी असणार. वेसला आज आमच्याकडे फिट आली. शॉना कामावर होती. ग्लेन्डानं त्याला जमिनीवर कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर घातला आणि त्याच्याजवळ बसून राहिली. थोड्या वेळानं तो उठला आणि बिस्किट मागू लागला. मी दारातच उभा. कुणालातरी फोन करावा म्हणून फोन हातात घेतला होता, कुणाला ते सुचत नव्हतं.

ती म्हणाली, "बुधवारनंतर हे कोण करणार?"

"तूच कर की. कोण अडवतंय?"

"ती इथे आणेल त्याला? तुझ्या घरात?"

तुझ्या, म्हणाली. आपल्या नाही. भांडायला विषय हवा म्हणून मी म्हटलं, नियम मी केलेले नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली. "तू फक्त नाव घेतोस."

त्यानंतर मागच्या अंगणात गवत कापत होतो. कालच कापलं होतं.

बुधवार, २७ सप्टेंबर

मंडळी पूर्ण होती. नाताळलाही एवढी नसते. शॉना मागच्या बाकावर एकटी. मुलांना शेजारणीकडे ठेवून आली होती. डस्टी अजून बोटीवर. ग्लेन्डा नेहमी माझ्यासाठी समोर जागा धरते, आज मध्येच कुठेतरी बसली.

ब्रदर ट्रेंटनी प्रार्थना केली. व्हर्नननं ठराव वाचला. त्याला वाचायला चष्मा लागला आणि चष्मा ट्रकमध्ये होता, म्हणून दुसऱ्याचा घेऊन वाचला, तरी 'निष्पाप जिवाची हत्या' हे शब्द नीट वाचले. अनुमोदन लगेच आलं. मी विचारलं, चर्चा? कुणी बोलेना. शॉना उठली.

"मला फक्त एवढंच म्हणायचंय की मला इथंच राहायचंय," ती म्हणाली, आणि बसली.

आमच्याकडे एवढं कमी कुणी बोलत नाही. आता मताला टाकायचं, एवढंच उरलं होतं. मी तोंड उघडलं.

"अध्यक्षमहाराज." ग्लेन्डा होती. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. "ठरावाला माझी दुरुस्ती आहे. शॉनाच्या नावाबरोबर माझंही नाव घाला."

माझ्या डोक्यात आलं की ही रागानं करतेय, शॉनाच्या मैत्रीसाठी. मंडळीसमोर नवराबायकोचं भांडण नको म्हणून मी आवाज शक्य तितका सरकारी केला. "सिस्टर ग्लेन्डा, सभासदाचं नाव कारणाशिवाय काढता येत नाही. कारण द्यावं लागतं."

"कारण तेच."

"तेच म्हणजे?"

"व्हर्नननं आत्ता वाचलं ते. सगळं. शब्द बदलायचे नाहीत."

पंखे फिरत होते. मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे नाही, शॉनाकडे बघत होती. माणसानं अशा वेळी काय करावं? खाली उतरावं, तिच्याजवळ जावं, निदान सभा थांबवावी. माझ्या तोंडातून सवयीनं जे निघालं ते असं: "दुरुस्तीला अनुमोदन आहे का?"

देवा. शब्द तोंडाबाहेर पडल्यावर कळलं मी काय बोललो.

"माझं," मिस ओपल म्हणाली. पहिल्या बाकावर, काठीवर दोन्ही हात. "आता व्हर्नन, कागद घडी कर आणि बस खाली."

"आई, मी मंडळीपुढे ठराव मांडलाय."

"दिसतंय मला. बस खाली."

"आई, तुला कळतंय का तू कशाला अनुमोदन देतेयस?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून कळतंय."

व्हर्नन बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस, दुसऱ्याचा चष्मा नाकावर, तसाच बसला. मला वाटतं मिस ओपलला ऐकू कमी येतं, दमलीही असेल. कशाला अनुमोदन दिलं हे तिला नीट समजलं नसावं. बायांच्या बाजूला कुणीतरी नाक शिंकरलं, मग आणखी कुणी. मेरीबेथ उठून उभी राहिली. तिच्या मागचीही. उठल्या की बाहेर निघाल्या ते मला कळेना. कुणी बाहेर गेलं नाही. नुसत्या उभ्याच होत्या.

ब्रदर ट्रेंटचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची बायको पियानोपाशी बसलेली, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग पटकन दुसरीकडे. व्हर्नन बसल्याबसल्याच म्हणाला, "ठराव मागे घेतो." मी सभा संपल्याचं जाहीर केलं. नंतरच्या कॉफीला कुणी थांबलं नाही.

ट्रकमध्ये बसलो. किल्ली फिरवली नाही.

"कधी?" मी विचारलं.

ती समोर बघत होती.

"कुठल्या साली, ग्लेन्डा? मी तेव्हा मेम्फिसला कामावर होतो का? की त्याआधी, आपली ओळख..."

"तू विचारत नाहीयेस, रॉइस. तू हिशोब करतोयस."

करत होतो. साल, महिना, मी कुठल्या छपरावर होतो, खिशात किती होते. सगळं एका मिनिटात मांडून झालं होतं आणि बेरीज येत नव्हती.

"विचारायचं असेल तर विचार," ती म्हणाली. "साल सोडून."

मी गाडी सुरू केली. निम्म्या वाटेपर्यंत मला साल सोडून दुसरा प्रश्न सुचला नाही. मग विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"चर्चमधली एखादी तरी..."

"चर्चमध्ये कुणाला सांगणार होते?" मग म्हणाली, "येताना वाटेत एका खानावळीत थांबले. गोड पीच पाय मागवला आणि अख्खा खाल्ला. इतकी भूक लागली होती. मला सगळ्यात जास्त वर्षं त्याचीच लाज वाटली, भुकेची."

गाडी दारात लावली तेव्हा ती उतरली आणि घराचं दार माझ्यासाठी उघडं ठेवून आत गेली.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

काल काही लिहिलं नाही. आज दुपारी मिस ओपलकडे जाऊन तिचं छप्पर बघून आलो. तिनं बोलावलं नव्हतं. छप्पर ठीक आहे. तिनं सरबत दिलं. मी विचारलं, मिस ओपल, परवा तुम्ही... ती म्हणाली, "बर्फ हवा का आणखी?" मी हवा म्हटलं.

मिसेस ब्रान्टचा आकडा डोक्यातून जात नाही. नदीपलीकडे जाऊन मी आमच्या नसतात असं म्हटलं होतं, तेव्हा माझ्या मागे व्हॅनमधून आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

शॉनाला फोन करायला घेतला, दोनदा. ठराव मागे घेतला गेला, पण ती चर्चला येईल का ते कुणालाच माहीत नाही. ग्लेन्डालाही नाही. ग्लेन्डा आता बोलते, पण मोजकं. मी विचारलं की सांगते, नाही विचारलं की नाही. मला विचारायची सवय नाही, हे लक्षात येतंय. मी सगळं ऐकतो, असं मी आयुष्यभर सांगत आलोय.

रविवार, १ ऑक्टोबर

दारात आज व्हर्ननला उभं केलं. तो हरेकाला 'या, या' म्हणत होता, नावं त्याला आठवत नाहीत. बरं वाटलं ऐकून.

प्रुइट मंडळी उशिरा आली, पहिलं गीत सुरू झाल्यावर. डस्टी कालच बोटीवरून उतरलेला, मानेपर्यंत उन्हानं भाजलेला, वेस कडेवर. टेसा पुढे. शॉना सगळ्यांच्या मागे. सरळ चालत आली आणि उजवीकडच्या मधल्या बाकावर बसली. कुणी वळून पाहिलं नाही. पाहायचं नाही असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं.

ग्लेन्डा माझ्या शेजारून उठली. आमचा बाक म्हणजे डावीकडचा तिसरा. टेसाएवढी आमची मुलगी होती तेव्हापासून तो आमचा, दुसरं कुणी तिथं बसत नाही. ग्लेन्डा मधली वाट ओलांडून गेली, प्रुइटांच्या बाकावर बसली आणि वेसला डस्टीच्या हातातून घेतलं. मी तिसऱ्या बाकावर एकटा राहिलो. पुस्तक उघडं, पान कुठलं ते ठाऊक नाही.

गीताचं दुसरं कडवं संपेपर्यंत बसवलं नाही. उठलो. मंडळीच्या समोरून चालणं मला नवीन नाही, दर रविवारी दानाच्या थाळ्या घेऊन चालतो, पण आज पाय शिडीच्या वरच्या पायरीवर असल्यासारखे. त्यांच्या बाकापाशी थांबलो. बाकाच्या टोकाला शॉना, आणि तिच्या शेजारी रिकाम्या जागेवर तिची पर्स, मोठी, डायपर आणि औषधांनी फुगलेली.

काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. तिचं नाव जिभेवर आलं. ते मी गिळलं.

"इथं कुणी बसतंय का?" मी विचारलं.

तिनं वर पाहिलं. पियानो पुढच्या कडव्यात गेला. ग्लेन्डा मुलाच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती, पण मदतीला आली नाही. मी वाट बघत उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला एवढा वेळ कुणी मध्ये वाटेत उभं केलं नव्हतं.

मग शॉनानं पर्स उचलून मांडीवर घेतली.